कानावर पडेपर्यंत

तात्याबा मरायला टेकले होते आणि पल्लवीला समुद्रावर जायचं होतं. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच महिन्यात येऊन बसल्या यात तिचा काडीचा दोष नव्हता. पण भाकरी थापताना, शेळीला पाला टाकताना, तात्याबांच्या तोंडात चमच्यानं पेज सोडताना तिला एकसारखं वाटायचं, की हे जे काय चाललंय ते आपणच ओढवून आणलंय.

तात्याबा म्हणजे तिच्या नवऱ्याच्या आजोबांचे धाकटे भाऊ. घराणं मूळचं मेंढपाळांचं, विट्याच्या पुढं, माणदेशाच्या कडेचं. आता कॅनॉलचं पाणी आलं, डाळिंबं आली, मेंढरं नावाला उरली; तात्याबांच्या अंगावरचं घोंगडं मात्र सुटलं नव्हतं. पोटी मूल नाही. बायको अर्जुना कधीच गेलेली. पल्लवीचे सासरेही राहिले नव्हते. म्हणजे तात्याबांच्या चितेला आग द्यायची ती सूरजनं, पल्लवीच्या नवऱ्यानं, हे सगळ्या भावकीनं धरून ठेवलेलं. आणि सूरज फौजेत, वर कुठंतरी बर्फात.

भावकीतले भाऊसो रोज सकाळी यायचे. सोप्यात तात्याबांच्या उशाला बसायचे, मनगट धरून डोळे मिटायचे, जसं काय डॉक्टरकीच शिकून आलेत. मग चहाच्या वाटेकडं बघत शेजारच्याला म्हणायचे, “सूरजच्यात जीव अडकलाय गड्या. त्यो आला की सुटंल म्हातारा.”

बसलेले सगळे माना हलवायचे. पल्लवी चहा घेऊन बाहेर यायची आणि तिला तो ट्रेसकट त्यांच्या डोक्यावर ओतावासा वाटायचा. कारण तिचा बेत होता तो सूरज आल्यानंतरचाच. सूरज येणार, आणि तो आला की तात्याबा मरणार, असं सगळं गाव सांगत होतं. मग सुतक. आग दिलेल्या माणसानं डोकं भादरायचं, जमिनीवर झोपायचं, दहाव्यापर्यंत गावाची शीवसुद्धा ओलांडायची नाही, पुढं तेरावं. तोवर सुट्टी संपली. सूरज रेल्वेत बसणार आणि पल्लवी परत त्याच चुलीपुढं.

फौजी सुट्टीवर आला की तो बायकोचा कमी आणि गावाचा जास्त होतो. एका खेपेला जत्रा होती. एका खेपेला चुलत नणंदेचं लग्न. एका खेपेला नुसती डाळिंबाची छाटणी, पण तीही त्याच्यावाचून अडली होती म्हणे. दिवसभर सोपा माणसांनी भरलेला, आणि पल्लवी आत परातीत पीठ मळतेय. निघताना तो म्हणायचा, “काळजी घे.” ती म्हणायची, “तुमीबी.” एवढाच त्यांचा संसार.

तेही तिनं चालवून घेतलं असतं. पण गेल्या पावसाळ्यात तिला पाचवा महिना लागला आणि मूल पोटातच गेलं. विट्याच्या दवाखान्यात ती पडून होती तेव्हा सूरजला फोन लागेना. लागला तेव्हा सासूनं, सुलाबाईंनी, त्याला एवढंच सांगितलं, “पल्लवीला जरा बरं न्हवतं. आता हाय बरी.” खरं काय ते त्याला मागनं कळलं. त्यानं मोबाइलवर लिहून पाठवलं, काळजी घे. तिनं त्यावर काहीच लिहिलं नाही.

घरात तर त्या मुलाचा उच्चारच नको. “झालं त्येचं नाव काडू नये,” सुलाबाई म्हणाल्या, “पुढच्याला बाधतं.” सुलाबाई वाईट नव्हत्या. त्यांच्या सासूनं त्यांना हेच शिकवलं असणार, आणि तिला तिच्या सासूनं. पण पल्लवीच्या आत ते मूल तसंच राहिलं होतं, न बोललेलं. तिला सूरजपुढं एकदा रडायचं होतं, मोठ्यानं, तोंडात पदर न कोंबता. आणि तिला बघायचं होतं, की या माणसाला काही वाटलंय का. नसेल वाटलं तर ती मेढ्याला माहेरी जाणार होती आणि परत येणार नव्हती. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. मनाशी मात्र पक्कं केलं होतं.

या घरात ते बोलणं होणार नव्हतं. इथं खोलीला दार होतं, पण दाराबाहेर नेहमी कुणीतरी शेंगा फोडत बसलेलं असायचं.

समुद्र तिला मोबाइलवर सापडला. गुहागरच्या बाजूची राजेश्वरी नावाची एक बाई होती, परसात चुलीवर तांदळाची घावनं घालताना दिसायची. मागं सुरूची झाडं, त्यांच्यामागं पाणी. दोन खोल्या पाहुण्यांना देते, असं लिहिलेलं. पल्लवी शेळ्यांच्या गोठ्यात गेली आणि तिथून तिनं फोन लावला. मेढ्याच्या डोंगरात वाढलेली आणि माणदेशाच्या उन्हात दिलेली ही पोरगी, खाऱ्या पाण्याचा थेंब तिनं पाहिलेला नव्हता. तिनं विचारलं ते सगळं वेड्यासारखंच होतं. पाण्याजवळ बसू देतात का, मासा खाऊन बाधतं का.

राजेश्वरी हसली नाही. म्हणाली, सकाळी घावनं आणि नारळाचा रस, दुपारी शिंपल्यांचं, म्हणजे तिसऱ्यांचं, कालवण नाहीतर बांगडा, वर सोलकढी, मासा नको असेल तर फणसाची भाजी आणि उकडीचे मोदक. आणि गावात नमन आहे त्या आठवड्यात, देवळापुढं खेळे नाचतात, सोंगं येतात, या बघायला.

“किती माणसं तुम्ही?” तिनं विचारलं.

“दोघं.”

“फक्त दोघंच ना?”

“फक्त दोघं,” पल्लवी म्हणाली. लग्न झाल्यापासून हे वाक्य तिनं पहिल्यांदा उच्चारलं होतं. फोन ठेवल्यावर ती शेळीच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

घरात सांगायचं म्हणजे वाकडी वाट करावी लागली. समुद्रावर फिरायला जातो म्हटलं असतं तर भावकीनं नाकं मुरडली असती. तेव्हा तिनं बेत सूरजला मोबाइलवर लिहून कळवला, आणि त्यानं फोनवर आईला सांगितलं, की गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला जायचं मनात हाय. देवाचं नाव निघाल्यावर सुलाबाई काय बोलणार. परमुलखात सोनं गाळायचा धंदा करणारा चुलत दीर इंद्रजित गावी आला होता, त्यानं आपली बोलेरो द्यायचं कबूल केलं. सगळं जुळलं. आणि मग तात्याबांनी अंथरूण धरलं.

पल्लवीनं त्यांची जी शुश्रूषा चालवली ती बघून गाव थक्क झालं. शेळीचं दूध, कच्चं अंडं घोटून, बोकडाच्या पायाचं अळणी पाणी, वेळच्या वेळी गोळ्या. कूस वळवणं, पाठ पुसणं, घाण काढणं, सगळं तिचं तिनं. बायका म्हणायच्या, चुलत आज्यासाठी एवढं करणारी सून असावी तर अशी. पल्लवी खाली मान घालून ऐकायची. तिला ठाऊक होतं, ती म्हाताऱ्याला जगवत नव्हती, सुट्टीला जगवत होती. इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी तिचा हात थांबत नव्हता.

एका दुपारी सोप्यात कुणी नव्हतं. सुलाबाई रानात गेल्या होत्या. पल्लवी राजेश्वरीशी दबक्या आवाजात बोलून आत आली तर तात्याबा डोळे उघडून बघत होते.

“कोकनात जातीस व्हय गं?”

ती घाबरली. “न्हाई, आवं तात्या, तसं काय न्हाई—”

“मी कुंभार्लीचा घाट उतरलोय मेंढरं घेऊन. दर साल. दसरा झाला की निघायचं, तिकडं भाताच्या रानात मेंढरं बसवायची, शेतकरी त्येच्या बदल्यात भात द्यायचा.” श्वास पुरेना म्हणून ते थांबले. “पयल्यांदा समुद्र बगितला तवा माझं कुत्रं लाटंवर भुकत हुतं. दिवसभर. घसा बसला त्येचा.”

पल्लवी हसली. हसायला येतंय याचंच तिला नवल वाटलं. ती खाली बसली आणि त्यांचे पाय चेपायला लागली.

तात्याबा मग थांबत थांबत सांगत राहिले. नमनात काळा झगा घालून, उंच टोपी चढवून संकासूर यायचा, त्याला बघून अर्जुना अशी पळाली की चुलीवरचा भात करपला. कोळ्याच्या बाईनं सुकट दिली ती यांनी भाकरीवर नुसतीच खाल्ली, आणि घरी आल्यावर आईनं ताट वेगळं ठेवलं. “सुकट खा तू. लय चांगली लागती. आन पान्यापशी बसून बोला दोगं. तितं लाटंचा आवाज असतोय. आपलं बोलनं तिसऱ्याच्या कानात जात न्हाई.”

पल्लवीचे हात थांबले.

“बोलायचं न्हाई म्हनत्यात घरात,” तात्याबा म्हणाले. “मी बोलतो. मला काय, मी चाललोय. तुझं बाळ मी न्हेलं दवाखान्यातनं. माझ्याच घोंगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, गार लागू न्हाई म्हनून. आपल्या वरच्या रानात बोरीखाली ठेवलंय. जनावरानं उकरू न्हाई म्हनून वर धोंडा हाय.”

पल्लवीनं त्यांच्या पायांवर डोकं टेकलं आणि ती रडली. तेव्हा दवाखान्याच्या मागच्या दाराशी एक फेटा दिसल्याचं तिला आठवत होतं, पण औषधाच्या गुंगीत ते खरं की खोटं हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचंच नव्हतं ना काही. तात्याबांचा हात तिच्या डोक्यावर आला, त्याला वजन असं नव्हतंच.

“तू जाऊन ये. तवर मी हितंच हाय,” ते म्हणाले. उशाखालच्या पिशवीतनं त्यांनी बिरोबाचा भंडारा चिमटीत घेतला आणि स्वतःच्याच कपाळाला लावला. “देवाची आन. न्हाई मरत.”

त्या दिवसापासून ती खरोखर म्हाताऱ्याला जगवायला लागली. आणि तेव्हापासून तिचे हाल जास्तच झाले. आधी निदान आपण स्वार्थी आहोत एवढं तरी सरळ होतं. आता त्यांना सोडून जायचं म्हटलं तरी मन घेईना आणि न जायचं म्हटलं तरी घेईना. ती देवापुढं उभी राहायची तर मागणं काय मागावं हेच तिला समजेना.

सूरज आला त्या दिवशी सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊसो नवीन टोपी घालून आले होते. सूरज तात्याबांच्या अंथरुणाशी बसला, त्यांचा हात हातात घेतला. सगळे श्वास रोखून बघत होते. तात्याबांनी त्याला ओळखलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “चा टाक म्हनावं.” चहा आला, त्यांनी बशीनं निम्मा प्यायला आणि झोपी गेले. भाऊसोंचा चेहरा उतरला. तशी माणसं हळूहळू पांगली, पण जाताना एकजण बोललाच, “आज न्हाई तर उद्या.”

पुढचे काही दिवस असेच गेले. सूरज तात्याबांपाशी बसायचा, रानात जायचा, आल्यागेल्याशी बोलायचा. पल्लवीशी त्याचं बोलणं तेवढंच, पाणी दे, टॉवेल कुठाय. ती त्याच्या तोंडाकडं बघायची. उन्हानं आणि बर्फानं रापलेलं ते तोंड, त्यात तिला काही वाचता येईना. जायचा दिवस जवळ येत होता आणि तात्याबांचा श्वास रोज थोडा वर सरकत होता.

एका सकाळी ती आणि सुलाबाई बाजरी निवडत बसल्या होत्या. पुण्याच्या बाजूला भावकीतलं कुणी वारल्याचं कळलं होतं, त्यावरून विषय निघाला. पल्लवीनं सुपातली बाजरी पुढं ओढली आणि जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, “आत्या, आपुन लांब असलो आन हितं कोन गेलं, तर सुतक कवापास्नं?”

“कानावर पडंल तवापास्नं.”

“आन पडलंच न्हाई तर?”

“तर कशाचं सुतक? ज्येला म्हाईतच न्हाई त्येला काय इटाळ.” सुलाबाईंचा हात थांबला. त्यांनी सुनेकडं एकवार नीट बघितलं. मग परत खडे वेचायला लागल्या. पल्लवीच्या कानशिलापर्यंत गरम झालं.

संध्याकाळी सूरज विहिरीवर मोटार बंद करायला गेला तेव्हा ती मागोमाग गेली. “आवं,” ती म्हणाली, “तिकडं गेल्यावर फोन बंद ठेवायचं का?”

तिला वाटलं, हा आता विचारणार का म्हणून. मग आपण काय सांगणार, तोंड कुठं लपवणार. पण सूरजनं विचारलं नाही. मोटारीच्या पेटीचं झाकण लावता लावता तो म्हणाला, “व्हय. घराबाहेर पडलो की बंद.”

निघायचं ते पहाटे ठरलं होतं. पल्लवी उठली तेव्हा सूरज अंगणात गाडीच्या काचा पुसत होता. सुलाबाई मागं चुलीवर भाकरी करत होत्या. पल्लवीनं अंघोळ केली, पिवळी साडी नेसली आणि तात्याबांसाठी चहा घेऊन पुढं आली.

“झोपलाय त्यो,” सूरज अंगणातनं म्हणाला. “नको उठवू.”

“नुसतं पाया पडते,” ती म्हणाली.

तात्याबा उताणे होते. घोंगडं छातीपर्यंत नीट ओढलेलं. डोळे मिटलेले. तिनं हाक मारली, मग पायाला हात लावला, आणि हात लावताच तिला कळलं. इतके दिवस चेपलेले पाय ते. गार झालेले पाय तिला समजणार नाहीत तर कुणाला समजणार.

ती तशीच उभी राहिली. हातात कप होता. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता, बाहेर फडक्याचा. फक्त तोंड उघडायचं होतं. एक हाक मारली की सगळं गाव गोळा होणार, भाऊसो टोपी काढणार, सूरजचं डोकं भादरणार. आणि मग कधी? पुढच्या सुट्टीला? पुढच्या सुट्टीला ती या घरात असणार नव्हती. ते इतकं स्पष्ट दिसलं की तिला स्वतःचीच भीती वाटली.

तिनं चहा मोरीत ओतला. कप विसळला. घोंगडं अजून थोडं वर ओढलं. हे सगळं तिच्या हातांनी केलं आणि ती नुसती बघत राहिली.

सुलाबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली, कपाळाला हळदकुंकू लावलं. “तात्यास्नी सांगितलंस?”

“झोपल्यात ते,” पल्लवी म्हणाली.

“बरं. नीट जावा. आन घाईनं येऊ नगासा.”

गाडी निघाली. शिवेच्या बाहेर पडल्यावर सूरजनं आपला फोन काढला, बंद केला आणि तिच्याकडं हात पुढं केला. तिनंही आपला बंद करून दिला. त्यानं दोन्ही पुढच्या कप्प्यात टाकले.

विटा गेलं. कडेगावाला उजाडलं. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं गाडी रखडत राहिली, कऱ्हाडात गर्दी लागली, मग पाटणचा रस्ता. पल्लवीला वाटलं होतं, गाडी गावाबाहेर पडली की छातीवरचं ओझं उतरेल. ते उलट वाढतच गेलं. आता आत्या दूध घेऊन गेल्या असतील. आता हाक मारली असेल. की अजून गेल्याच नसतील, आणि ते तसेच पडलेत, दार उघडं, मांजर हिंडतंय. देवाची आण घेऊन त्यांनी जीव धरून ठेवला होता, आणि तिनं त्यांना मुंग्यांच्या हवाली केलं होतं. मागच्या सीटवर नव्या चपलांचं खोकं होतं, वाळूत घालायला घेतलेल्या. ते वळणावर सरकायचं आणि दाराला आपटायचं.

पाटणच्या पुढं, डोंगर जवळ आल्यावर, सूरजनं एका टपरीशी गाडी थांबवली. “चा घेऊ,” म्हणाला, पण उतरला नाही. इंजिन बंद करून स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

“आवं,” पल्लवी म्हणाली.

“हं.”

“तात्या गेल्यात. मी चा न्हेला तवाच गेलं हुतं. मी कुनाला सांगितलं न्हाई.” एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. “मी चा ओतून दिला. कप धुतला. मी त्येंच्यावर घोंगडं वडलं आन तुमच्याशेजारी येऊन बसले. मी मानूस न्हाई, तुमी मला हितंच उतरवा.”

सूरज समोर बघत होता. “मला म्हाईत हाय.”

“काय?”

“मी तुझ्या आदी गेलतो. पाया पडाय. डोळं उघडंच हुतं त्येंचं. मी मिटवलं.”

तिला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिनं त्याच्या दंडावर मूठ मारली, मग आणखी एक. “आन तुमी काचा पुसत हुता? आग तुमी द्यायची, आन तुमी काचा पुसत हुता?”

“व्हय.” त्यानं तिचा हात धरला नाही, मार खात राहिला. “हात कापत हुतं म्हनून पुसत हुतो. तू आत गेलीस तवा वाटलं, आता ही वरडनार. तू न्हाई वरडलीस. तवा मला वाटलं, तुला कळलंच न्हाई. बरं झालं वाटलं. तेवडंच तुला समुद्रापर्यंत न्यावं.”

टपरीवाला काचेपाशी येऊन बघून गेला. दोघांनीही त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

“का पन?” ती म्हणाली.

“इचारायचं हुतं मला. तिकडं पोस्टवर बसून नुसतं त्येच ठरवत हुतो, कसं इचारायचं. फोनवर इचारलं तर तू रडशील, आन मला तितनं काय करता येनार न्हाई. घरात इचारायची सोय न्हाई. मग काय लिव्हायचं? काळजी घे लिव्हलं.” तो पहिल्यांदा तिच्याकडं वळला. “पल्लवी, काय हुतं गं?”

तिला कळलं तो काय विचारतोय. इतक्या दिवसांत हे कुणीही विचारलं नव्हतं. ना सासूनं, ना आईनं, ना दवाखान्यात बघायला आलेल्या एकाही बाईनं.

“मुलगी,” ती म्हणाली.

सूरजचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं. हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली, तेव्हा पल्लवीनं त्याला खांद्याला धरून मागं ओढलं. तो लहान पोरासारखा रडत होता, नाक पुसायचंही भान नव्हतं. मग तीही रडली. तोंडात पदर कोंबला नाही. पाटणच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉल्या शेजारनं जात असताना, ती मनसोक्त रडली.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “तात्यांनी न्हेली तिला. आपल्या घोंगड्यात गुंडाळून. वरच्या रानात बोरीखाली हाय.”

सूरजनं तोंड वर केलं. “तात्यांनी?”

“दुसरं कोन हुतं? त्येंनी तिला मातीला लावली. आन त्येंना आपुन तसंच टाकून आलोय.”

सूरजनं किल्लीला हात घातला. मग थांबला आणि समोरच्या डोंगराकडं बघत म्हणाला, “घाट उतरला की समुद्र हाय. राजेश्वरीताईला काय सांगायचं?”

“सांगू कायतरी. तुमी फोन लावा घरी. आग देऊ नगा म्हनावं.”

त्यानं कप्प्यातनं तिचा फोन काढून तिच्या हातात दिला. तिनं चालू केला. घरून आलेला एकही फोन त्यात दिसत नव्हता. म्हणजे अजून कुणाला कळलंच नाही की काय. तिनं सुलाबाईंचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला, सूरजलाही ऐकू जावा म्हणून.

खूप वेळ वाजल्यावर फोन उचलला गेला. “पोचला व्हय गं?” सुलाबाईंचा आवाज बसलेला होता. मागं कुणीतरी बाई रडत होती, आणि कुणीतरी तिला घाईघाईनं गप केलं.

“आत्या, तात्या कसं हायती?”

मग सुलाबाई बोलल्या, एक एक शब्द जपून, पायरी चुकेल या भीतीनं माणूस जिना उतरतो तसं. “बरं हायती. आत्ताच दूध घेतलं. झोपल्यात. इंद्रजित हाय हितं, कायबी नड न्हाई. तू फोन कशाला चालू केलास? बंद कर त्यो. सूरजचाबी बंद ठेव. चांगला समुद्र बगा, चार दिस ऱ्हावा, कुनाचं काय ऐकू नगा. ऐकलंस का पल्लवे? हितं कायबी झालेलं न्हाई.”

पल्लवीनं फोन सूरजपुढं धरला.

“आई,” सूरज म्हणाला, “इंद्रजितला आग देऊ देऊ नगंस. मी येतोय. दुपारपत्तुर पोचतोय.”

मग सुलाबाईंचा इतका वेळ दाबून धरलेला हुंदका फुटला, आणि त्या रडत, चिडून, जीव तोडून ओरडल्या, “कुना मेल्यानं सांगितलं रं तुमास्नी?”